धाकटीच द्या

भरतकाम येणारी मुलगी उजवायला सोपी, असा आमच्या पोलादपुराकडे तेव्हा एक समज होता. तो कुणी पसरवला देव जाणे. ज्यांच्या घरात फाटलेल्या लेंग्याला कुणी चार टाके घालत नसे, ती माणसंही मुलगी बघायला आली की आधी भिंतीकडे बघत. भिंतीवर काचेत बसवलेले दोन पोपट हवेत, त्यांच्याखाली ‘सुस्वागतम्’ हवं आणि कोपऱ्यात मुलीचं नाव हवं. पोपट चोचीला चोच लावून बसलेले असले म्हणजे मुलगी संसारी. मी पुढं जन्मभर महाडला भरतकाम शिकवलं, आयांना शिकवलं आणि मग त्यांच्या मुलींनाही शिकवलं, पण वर्गात पोपट कुणाला भरू दिला नाही. ज्यांना पोपट पाहिजे त्यांनी बाजारातून पिंजऱ्यासकट आणावा, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. काहीजणी रडायच्या. रडोत.

या पोपटांचं मूळ आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंपाशी होतं. त्यांना साखळी टाका, फुलीचा टाका आणि दुपारची झोप एवढ्या तीन गोष्टी उत्तम येत. आम्ही मॅटीच्या कापडावर घरं मोजून फुल्या घालायच्या आणि बाईंनी टेबलावर डोकं टेकायचं. एखादी उठून म्हणाली, “बाई, माझी एक ओळ चुकली,” तर डोकं न उचलता उत्तर यायचं, “असू दे. लांबून दिसत नाही.” बाईंचं कलेविषयी हे एवढंच मत होतं आणि ते त्यांनी नोकरी संपेपर्यंत बदललं नाही. निरोप समारंभात त्यांच्या तपश्चर्येवर भाषणं झाली म्हणे.

आमचं घर हायवेपासून थोडं खाली उतरून होतं. कशेडी घाटाकडं निघालेले ट्रक आमच्या परसामागं गिअर बदलायचे, आणि ते कण्हणं दिवसभर घरात येत राहायचं. त्यात आबांचं खाकरणं मिसळलेलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होते, ते शिमग्याला आणि गणपतीला येत. एरवी घर आबांचं. स्वतःला ते शेतकरी म्हणवून घेत, पण त्यांचं पाऊल बांधाच्या पलीकडं कधी पडलं नाही. सकाळी ओटीवर बसून ते हुकूम सोडत, मग पोलादपूरच्या स्टँडवर चहा प्यायला जात, आणि तिथं ऐकलेल्या देशाच्या बातम्या दुपारी आम्हाला अशा सांगत की जणू दिल्लीनं त्यांना विचारूनच सगळं केलं आहे. आईचं मत त्या घरात कुणी विचारत नसे आणि तीही ते उगाच वाया घालवत नसे. ती चुलीपुढं बसून कुळथाची पिठी ढवळायची. ठेचलेल्या लसणाचा आणि भाजलेल्या बोंबलाचा वास पडवीपर्यंत यायचा, नाचणीची भाकरी तव्यावर फुगायची, आणि आबा पहिला घास घेऊन न चुकता म्हणायचे, “मीठ कमी हाय.” मीठ कधीच कमी नसायचं.

आणि इंदू. माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचे. आमची शेती खरं म्हणजे ती करायची. भाताचा भारा डोक्यावर घेऊन ती चढण चढायची तेव्हा मान हलायची नाही. लावणीच्या वेळी वाडीतल्या सगळ्या बायका आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या, अशा मिळून उतरत, आणि कुणाचं शेत आधी, कुणाचं मागून, हे अक्का ठरवायची. वयानं ती त्यांच्यात सगळ्यांत लहान, पण तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. सुई मात्र तिच्या हातात ठरत नसे. एकदा तिनं परकराचा नाडा शिवला तो परकराला नव्हे, स्वतःच्या पदराला.

भरतकाम माझं. दहावी झाल्यावर मला घरात बसवलं होतं. वडील मुंबईहून येताना रेशमी दोऱ्यांच्या लडी आणायचे, रंग बघून नव्हे, दुकानदार देईल त्या. त्यांच्याकडून तेवढंच व्हायचं. जुन्या मासिकांतली नक्षी बघून बघून मी टाके बसवले. एका पावसाळ्यात मी टेबलक्लॉथ भरायला घेतला. आमच्या घरात टेबल नव्हतं. पण शहरातल्या घरात टेबल असतं, त्यावर कापड असतं, आणि त्यावर कुणी तरी बाई फुलं ठेवते, एवढं मला मासिकातून कळलं होतं. मासिकातले गुलाब मी घेतले नाहीत. आमच्या मागच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या होत्या, त्या भरल्या. काटे देठाच्या टाक्यानं, आणि करवंदं गाठीच्या टाक्यांनी, हिरवी, मग लालसर, मग काळी. काळ्याचे दोरे संपले तेव्हा आईनं तिच्या जुन्या लुगड्याचे काठ उसवून धागे दिले.

हल्ली महाबळेश्वरला जाणाऱ्या बायका माझा पत्ता शोधत येतात. मागच्या हिवाळ्यात एकीनं मला वरच्या एका रिसॉर्टवर वर्ग घ्यायला नेलं. गवतावर गाद्या घातल्या होत्या, कसलं तरी बासरीचं संगीत लावलं होतं. एकजण डोळे मिटून म्हणाली, “मॅम, स्टिचिंग करताना मला इतकी शांती मिळते ना!” तिच्या रिंगमधलं कापड इतकं ढिलं होतं की त्यात बाळ झोपवता आलं असतं. मला भरतकामातून कधी शांती मिळाली नाही. मान दुखली, चष्मा लागला, आणि स्वतःच्या पायावर उभी राहिले. शांती ज्यांना पाहिजे त्यांनी सुई खाली ठेवावी हे बरं. पण त्यांना जेवण चांगलं मिळालं होतं, आणि मलाही, म्हणून बोलले नाही.

तर अक्काला बघायला माणसं आली. तेव्हा महाडची औद्योगिक वसाहत नुकती उभी राहत होती, आणि आमच्या खोऱ्यात ‘पर्मनंट’ हा शब्द लोक देवाच्या नावासारखा घ्यायला लागले होते. मुलगा काय करतो? पर्मनंट हाय. स्वभाव कसा? पर्मनंट हाय. आबा तर तो शब्द उच्चारताना हात जोडत. हा मुलगाही त्यांतलाच, केमिकल कंपनीतला. बरोबर त्याची आई होती, आणि सोयरीक जमवणारा एक लांबचा मामा. मुलानं ओटीखाली बूट काढले आणि सगळ्या पडवीभर कंपनीचा आंबूस वास पसरला. आबा तो वास छातीभर घेत म्हणाले, “या, या.”

शेजारच्या घरातून टेबल आणलं होतं. आणि त्यावर, मला न विचारता, माझा टेबलक्लॉथ घातला होता. त्यावर कांदेपोह्याच्या बशा.

“आमच्या इंदूनं भरलंय,” आबांनी सांगितलं. “रात्रंदिवस सुई असते हातात. आम्हीच ओरडतो, डोळे जातील गो.”

अक्का खाली मान घालून पाटावर बसली होती. मुलाची आई, रुंद चेहऱ्याची, चष्मा लावणारी बाई, कापडाकडं बघत होती. मग तिनं अक्काकडं बघितलं.

“पोरी, हात दाव बघू.”

अक्कानं दोन्ही हात पुढं केले. विळ्यानं कापलेल्या बोटांच्या जुन्या खुणा, चिखलानं खाल्लेली नखं, तळव्याला घट्टे.

“ह्या हातानं हे भरलंस?”

“नाय,” अक्का म्हणाली.

आबा मोठ्यानं हसले. “मस्करी करते ती.”

“मस्करी नाय,” अक्का म्हणाली. “माझ्या भैनीनं भरलंय. मला सुई धरता येत नाय. मला लावणी येते, कापणी येते. तसली पाहिजे असंल तर सांगा.”

त्या बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. “कंपनीतल्या पोराला लावणी काय करायची? धाकटी कुठं हाय?”

मी चहाचा ट्रे घेऊन माजघराच्या दारात उभी होते. तिनं मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जसं बाजारात बघतात, आणि मग आबांकडं वळून म्हणाली, “मग धाकटीच द्या.”

आबांनी अक्काकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. त्यांनी मामाकडं बघितलं. “द्या काय? तुमचीच हाय. कधी न्यायची ते बोला.”

अक्का पाटावर तशीच बसून होती, दोन्ही हात अजून पुढं. तिला ते मागं घ्यायलाही कुणी सांगितलं नाही. आणि या सगळ्या वेळात मुलगा पोहे खात होता. मोठी मुलगी गेली, धाकटी आली, त्याच्या चावण्याचा ताल बदलला नाही. पोहे संपवून त्यानं बोटं चाटली, इकडंतिकडं बघितलं, आणि टेबलक्लॉथचं टोक उचलून हात पुसले. हळद आणि तेल, बरोबर काळ्या करवंदांवर.

“आबा,” मी म्हणाले, “हा नको मला.”

“काय?”

“ह्याला हात कुठं पुसायचे कळत नाय.”

मामाला पोह्यांचा घास गिळता गिळता ठसका लागला. मुलाच्या आईला राग आला नाही, तिला गंमत वाटली. “फडक्याला नाय पुसायचे तर कशाला पुसायचे गो?”

“मग फडकंच न्या,” मी म्हणाले. “त्याच्याशीच लावा लगीन.” आणि ट्रे खाली ठेवून मी कापडाचं टोक धरून ओढलं. बशा खळ्ळकन् खाली आल्या, त्याच्या आईच्या वाटचे पोहे मुलाच्या पँटवर सांडले, आणि ते कापड मी त्याच्या मांडीवर टाकलं. सगळ्यांत विशेष गोष्ट ही की जाताना तो ते घडी घालून घेऊन गेला. पावसाळाभराचं माझं काम. मला पुन्हा दिसलं नाही.

त्या संध्याकाळी आबांनी माझ्या दोऱ्यांच्या लडी, लाकडी रिंग, नक्षीची पानं, सगळं चुलीत घातलं. रिंग छान जळली, जुनं लाकूड होतं. त्या विस्तवावर आईनं भाकऱ्या भाजल्या आणि आम्ही त्या खाल्ल्या. आबांनी पहिला घास घेतला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.

मला वाटलं, बरं झालं, सुटले. वाडीत बभ्रा झाला की या पोरीची जीभ लांब, आता कोण येतंय. पण थोड्या दिवसांनी मामा परत आला, ओटीवर ऐसपैस बसला आणि निरोप सांगितला. मुलाच्या आईला मुलगी पसंत आहे. हात चालतो, घरबसल्या ब्लाउज-रुमाल भरून चार घरांत नाव होईल. आणि जीभ? “त्या बोलल्या, जीभ आम्ही आखूड करू.” आबा हे ऐकून असे हसले की मामाच्या मांडीवर थाप मारली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त ठरला. वडिलांना मुंबईला कळवलं, वडिलांनी कळवलं, दादा करतील ते बरोबर; दादा म्हणजे आबा. माणूस इतका गरीब असावा की स्वतःच्या मुलीच्या बाबतीतही त्याला कुणी तरी ‘दादा’ लागावा, याची मला अजून चीड येते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, चीड गेली नाही.

मी रडले नाही. जेवण सोडलं, तर आबा म्हणाले, वाचेल तेवढं बरं. अक्का त्या दिवसांत माझ्याशी फार बोलली नाही. एकदाच, परसात भांडी घासताना तिनं विचारलं, “तुला काय करायचं हाय?” मी म्हणाले, महाडला शिवण-भरतकामाचा कोर्स असतो, स्टँडजवळ पाटी बघितली होती, तो केला की शाळेत नोकरी लागते. ती म्हणाली, “बरं,” आणि पातेलं उपडं घातलं.

पाऊस लागला. आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आली. सकाळी आबांनी ओटीवरून हाक दिली, “इंदे, ऊठ गो, आवण काढायचं हाय.”

अक्का आतून आली. लुगडं खोचलेलं नव्हतं. केस विंचरलेले. तिनं माझ्याकडून एक सुई मागून घेतली होती आणि एक जुना फडक्याचा तुकडा. आबांच्या समोरच भिंतीला टेकून ती बसली आणि फडक्यात सुई खुपसायला लागली.

“हे काय?”

“भरतकाम,” अक्का म्हणाली. “लग्नाची पोर हाय मी. लावणीवालीला कोण करीत नाय, तुमच्यासमोरच बोलली ना ती बाय? आता शिकते.”

“डोकं फिरलंय तुझं. आवण पिवळं पडंल.”

“पडू दे. नायतर तुम्ही उतरा.”

आबांनी आरडाओरडा केला, हात उगारला. अक्का उठून उभी राहिली. ती त्यांच्यापेक्षा उंच होती, हे बहुतेक त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हात खाली आला. तिनं तिचं म्हणणं सांगितलं: वच्छीचं लग्न मोडा, तिला महाडला कोर्साला घाला, मग मी शेतात पाय टाकते. वच्छी म्हणजे मी, वत्सला.

आबा वाडीत फिरले. बायकांनी दारातूनच सांगितलं, इंदू आमच्या शेतात आली नाय, आम्ही तुमच्यात कशा येऊ? ती आली की येतो. मजुरीवर कुणी मिळेना, ज्याची त्याची लावणी तोंडावर. मग आबा स्वतः धोतर खोचून चिखलात उतरले. ते दृश्य बघायला वाडी जमली होती. रोपांची जुडी सोडायची कशी हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चार पावलं गेले, एक पाय रुतला, तो काढायला दुसरा रोवला, मग दोन्ही रुतले. दोघा गड्यांनी त्यांना काखेत धरून उपटलं. देशाचं राजकारण चालवणारा माणूस! बांधावर बसून ते कंबर दाबत राहिले आणि अक्का ओटीवर फडक्याला भोकं पाडत राहिली. दिवसेंदिवस. बोटांत सुई शिरून तिच्या फडक्यावर रक्ताचे ठिपके पडले होते, आणि मी शिकवू का म्हटलं तर म्हणाली, “गप बस. मला काय शिकायचं नाय.”

आवण खरोखरच पिवळं पडायला लागलं. तेव्हा आई बोलली. ताट वाढता वाढता, नेहमीच्याच आवाजात. “भावजी, भात नाय लावला तर वरीसभर खायचं काय? त्या पोराचा पर्मनंट पगार आपल्या ताटात पडायचा नाय.”

आबांनी घास खाली ठेवला. परसामागं ट्रक घाट चढत होते. मग ते म्हणाले, “जा, करा काय करायचं ते,” आणि जेवायला लागले. मिठाबद्दल काही बोलले नाहीत. पुढं मी नोकरीला लागल्यावर हेच आबा स्टँडवर चहा पिताना सांगायचे, “पुतणीला मी शिकवली. मुलींना शिकवलं पायजे.” लोक माना डोलवायचे. मरेपर्यंत सांगत होते.

अक्का दुसऱ्या दिवशी पहाटेच शेतात उतरली, आणि वाडीतल्या साऱ्याजणी तिच्या मागोमाग. मी महाडला निघाले तेव्हा मला सोडायला आई होती. अक्का शेतात होती, तिला फुरसत नव्हती. तिचंही लग्न पुढं झालं, कुडपणला, पठारावर शेती असलेल्या एका माणसाशी. तिनं आधी त्याचं शेत बघितलं, मग त्याला. मुलं मुंबईला आहेत, ती अजून तिथंच आहे, अजून वाकून लावणी करते आणि फोनवर माझी कंबर कशी आहे ते विचारते.

महाडला कोर्स घेणाऱ्या मालतीबाई काटकुळ्या, विटक्या लुगड्यातल्या, कपाळाला बाम चोळून बसणाऱ्या. पहिल्याच दिवशी मी ठरवून टाकलं की यांना काय येणार. तोवर मला भेटलेल्या प्रत्येक माणसाबद्दल मी तसंच ठरवलं होतं आणि एक अक्का सोडली तर माझं कधी चुकलं नव्हतं. मी त्यांना माझा एक रुमाल दाखवला. पडवीच्या खुंटीवर राहिला म्हणून तेवढा चुलीतून वाचलेला. चाफ्याची फांदी होती. वर्गातल्या मुली भोवती जमून वा वा करत होत्या.

बाईंनी रुमाल बोटांनी चाचपला. “दोरा फार ओढतेस. कापड आवळलंय.” मग माझ्या हातात परत दिला. “उसव.”

“कुठलं?”

“सगळं. आणि त्याच कापडावर पुन्हा भर.”

मी उसवलं, पुन्हा भरलं. त्यांनी चाचपलं. “उसव.” अशी ती फांदी मी किती वेळा फुलवली आणि उपटली याला हिशेब नाही. त्या ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत, इतर मुलींसमोर एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. रात्री अंथरुणात पडल्यावर मी त्यांच्यात तुच्छ मानण्यासारखं काहीतरी शोधायचे. बामाचा वास सोडला तर काही सापडत नव्हतं, आणि त्यानं मला फार बेचैन व्हायचं.

लावणी उरकल्यावर, गणपतीच्या थोडं आधी, अक्का एके दुपारी महाडला आली. फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि आईनं दिलेलं लोणचं. वर्गाच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्यांनी लाल भेगा पडल्या होत्या. मी भाकरी खात होते आणि ती माझ्या मांडीवरचा रुमाल बघत होती. त्यावर भोकं होती, फांदीचा पत्ता नव्हता.

“एवढे दिवस काय शिकलीस गो?”

“उसवायला.”

तिला वाटलं मी थट्टा करते. मग माझा चेहरा बघून कळलं, खरंच आहे. ती इतकी हसली, इतकी हसली की आतून मालतीबाई डोकावून गेल्या.

“आणि ह्याच्यासाठी मी आबांना चिखलात उतरवलं!” डोळे पुसत ती म्हणाली. मग उठली, फडकं झटकून घडी घातली. “नीट उसव मग. पुढच्या लावणीला परत बसून राहायला मला जमायचं नाय.”

ती पोलादपूरच्या गाडीला गेली. मी हात धुऊन आत आले आणि सुईच्या टोकानं पुढचा टाका उचलला.